मांडवाबाहेरचा धवळा

ठाणे, टेंभी नाका
पौष शुद्ध ५, शके १८०८

चि. तुळसास मामाचे आशीर्वाद.

तुला कल्याणास पोचवून आलो त्याला पंधरा दिवस झाले, आणि तुझी एक ओळ नाही. मिठाच्या गोण्यांवरच्या अक्षरांवर बोट ठेवून तुला वाचायला शिकवलं, ते काय मिठासारखं विरघळलं?

विमलाबाईंच्या नाटक मंडळीत जायची परवानगी तुला कशावर मिळाली, ते विसरू नको. तू पडद्याआड बसायचं, सूर धरायचा. रंगभूमीवर पाऊल टाकायचं नाही. शिमगा झाला की घरी. आणि वैशाखात बाळकुमच्या गुणाजी पाटलांच्या मुलाशी, पोपटशी, तुझं लग्न. हा शब्द मी पाटलांच्या ओसरीवर बसून दिलाय. तुझी मामी रोज विचारते, "बायकांचीच मंडळी असली म्हणून काय झालं? लोक पैसे टाकून बघायला येतात ना?" तिला म्हणतो, बघतील कुणाला, आपली तर पडद्यामागे आहे. असं म्हणतो खरा, आणि ताटावरून उठतो.

तुझ्या आत्याची आणखी एक अट. सखुबाई म्हणाली, "तिकडं काय वाटंल ता गाऊ दे, पन धवला तोंडातून काडायचा नाय. धवला मांडवातच. त्याच्यावर लगीन लागते, ता काय गाना नाय." तुला मी काय सांगू? आईबाप गेल्यावर तिनेच तुला वाढवलं, धवळा गाऊन लग्न लावणारी धवलारीण केलं, आणि आपल्या आगऱ्यांची लग्नं भटजीवाचून लागतील, धवलारणीवाचून लागायची नाहीत.

मी डोक्यावर मीठ वाहायचो. एका भल्या माणसाने वखारीत बसू दिलं म्हणून आज लोक शेट म्हणतात. तुझा गळा खाऱ्या खाजणाच्या बांधावरच संपू नये, एवढ्यासाठी मी हे धाडस केलं. मला खाली मान घालायला लावू नको.

तुझा काळुराममामा

---

कल्याण
पौष वद्य २

तीर्थस्वरूप मामासाहेबांचे चरणी तुळसाचे शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पावले. वाचून परम संतोष जाहला. इकडील प्रकृतिमान उत्तम असून जेवणाखाणाची व्यवस्था यथास्थित आहे. विमलाबाई कन्येप्रमाणे वागवितात. ठरल्याप्रमाणे मी पडद्याआड बसून सूर धरिते. तरी काळजी नसावी.

आपली आज्ञाधारक
तुळसा

---

ठाणे
पौष वद्य १०

चि. तुळसा,

हे पत्र कुणाच्या हातचं? "परम संतोष जाहला" असं तू जन्मात कधी म्हणाली नाहीस. तुला संतोष झाला की तू "बरा झाला गो बाय" म्हणतेस आणि उडी मारतेस. अक्षर वळणदार आहे, पण तुझं नाही. लिहिणारीने "पडद्याआड" या शब्दाखाली दोनदा टाक गिरवलाय. खऱ्या गोष्टीला कुणी एवढी शाई घालत नाही.

आता खरं ऐक. काल कल्याणचा एक भाताचा व्यापारी दुकानावर आला होता. मीठ तोलून होईस्तोवर उभ्या उभ्या गुणगुणत होता. माझे कान कसले, तुला माहीत आहे. मीठ ओतताना नुसत्या आवाजावरून मी सांगतो, कुठल्या आगरातलं. तो गुजराती माणूस आपला धवळा गुणगुणत होता! हळदीचा. शब्द चुकीचे, चाल चोख. मी विचारलं, "शेट, हे कुठं ऐकलंत?" तर म्हणाला, "नाटकमां. नवी छोकरी आहे. नवरी होते. अहाहा!"

मी हसलो. माझ्या मनात काय चाललंय, ते त्याला काय कळणार. पाव शेर मीठ जास्त घालून त्याला वाटेला लावला.

तुळसा, तुझ्या हाताने लिही. शुद्ध नसलं तरी चालेल. खरं असू दे.

मामा

---

कल्याण
माघ शुद्ध ३

मामा,

माझ्याच हाताने लिहिते. मंडळीतली गोदा म्हणाली, मी लिहून देते, मी नको म्हटलं. मागचं पत्र तिनेच लिहिलं होतं. तिचा दोष नाही, मीच तिला सांगितलं होतं, मामाला बरं वाटेल असं लिही.

मी सांगते कसं झालं. नाटकात राजकन्येचं लग्न आहे. अंतरपाट धरला की एक बाई मंगलाष्टकं म्हणायची. त्या दिवशी तिचा आवाज बसला. दोन शब्द आले आणि नुसती हवा. लोक शिट्या मारायला लागले. कुणीतरी ओरडलं, "नवरदेव, पळून जा!" विमलाबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मला दुसरं काही येत नव्हतं मामा. लग्न म्हटलं की माझ्या तोंडात एकच येतं. मी पडद्याआडून धवळा सुरू केला.

शिट्या बंद झाल्या. पान चघळायचे ते पण थांबले.

दुसऱ्या दिवशी विमलाबाई म्हणाल्या, "आवाज आतून येतो, तो दबतो. तूच नवरी हो आणि बाहेर गा." मी तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्यांदा त्या शालू माझ्यापुढे ठेवून निघून गेल्या. मी तो नेसले. मला कुणी बळजबरी केली नाही, हे तुम्हाला सांगायला हवं.

पहिल्यांदा रंगभूमीवर गेले. वाटलं, फळी फुटून आपण खाली जावं. मग गायला लागले. मामा, मांडवात मी गाते तेव्हा सगळे नवरीकडे बघतात. धवलारणीकडे कुणी बघत नाही. इथं माझ्याकडे बघत होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. याचीच आता भीती वाटते.

आता मला बोलायला पण दिलंय. एका जागी मी राजाला, म्हणजे बापाला, म्हणते, "महाराज, माझं उत्तर मी देईन." हे वाक्य म्हणताना पहिल्यांदा माझा आवाज फुटला. आता फुटत नाही.

आत्याला सांगू नका. तुमच्या पाया पडते.

तुळसा

---

ठाणे
माघ वद्य ६

चि. तुळसा,

मी सांगण्याची गरज उरली नाही. बाळकुमच्या चार बायका कल्याणला लेकीकडे गेल्या होत्या. लेकीने कौतुकाने त्यांना नाटकाला नेलं. त्यांनी काय पाहिलं? त्यांच्या गावची धवलारीण अंगाला हळद लावून, मुंडावळ्या बांधून उभी आहे. समोर मिशीवाला, फेटेवाला नवरा. आणि तीच तोंडाने धवळा म्हणते आहे, देव बोलावण्यापासून गाठ बांधण्यापर्यंत. शेवटी अक्षता पडल्या. त्या चौघींनी पण टाकल्या म्हणे, हाताला सवय!

त्या परत आल्या त्या सरळ पाटलांच्या घरी. परवा गुणाजी पाटील दुकानात आले. गोणीवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"काय रं कालुराम, पोरीचा लगीन लावलास नि आमाला कलवला पन नाय?"

"पाटील, ते नाटक. खोटं असतं."

"नाटक खोटा. हलद खोटी. धवला पन खोटा?"

होय म्हणावं तर धवळा खोटा ठरतो, नाही म्हणावं तर तू लग्न झालेली ठरतेस. पाटील म्हणाले, "माजी बायको सांगते, दुसऱ्याची बायको मना सून नको. मी सांगतंय, पोर आमची हाय, आमच्याच घरात येल. गावकी बसंल फाल्गुनाच्या पंचमीला. तवा काय ता बघू."

गावकीने वाळीत टाकलं तर सखुबाईला विहिरीवर पाणी मिळणार नाही. माझ्या वखारीतले निम्मे हमाल बाळकुमचे आहेत, ते काही बोलत नाहीत, पण गोणी ठेवताना माझ्याकडे बघत नाहीत. तुझी आत्या तर चार दिवस घराबाहेर आली नाही. मी गेलो, तर दाराआडून म्हणाली, "मी तिला दिला ता तिनं बाजारात मांडला." एवढंच.

मला एक वाट दिसते. तू गावकीपुढे येऊन सांग, की गाठीचं शेवटचं कडवं मी मुद्दाम गाळलं. कडवं गाळलं म्हणजे लग्न अपुरं. मग पाटील दंड घेतील, आपण तो भरू, आणि वैशाखात तुझं ठरलेलं होईल. त्या चार बायका आता काही शपथेवर सांगू शकत नाहीत, कोणतं कडवं ऐकलं आणि कोणतं नाही.

आणि मला हे सांग, तो नवरा कोण? विमलाबाईंची मंडळी बायकांची, तर हा मिशीवाला आला कुठून? मला झोप नाही.

मामा

---

कल्याण
माघ वद्य ९

मामा,

तो नवरा गोदा आहे.

मिशी काजळाची. फेटा विमलाबाईंच्या शेल्याचा. आमच्यात राजा, प्रधान, राक्षस सगळ्या बायकाच. इथल्या लोकांना माहीत असतं, पण खेळ सुरू झाला की विसरतात. गोदाची चालच तशी आहे, खांदे मागे टाकून. परवा पाणी भरायला गेली तर एक म्हातारी तिला भाऊ म्हणाली.

पण मामा, शेवटचं कडवं मी गाळलेलं नाही. रोज पुरं म्हटलंय. अर्धा धवळा मला म्हणताच येत नाही. आत्याने शिकवताना सांगितलं होतं, सुरू केलास की वादळ आलं तरी संपव. मी गावकीपुढे उभी राहून खोटं बोलणार नाही. धवळ्याबद्दल तर नाहीच.

शकूचं लग्न गेल्या माघात मीच लावलं, आत्याचा घसा बसला होता म्हणून. पाटलांची लाडकी लेक ती. आता तिला दिवस गेलेत असं ऐकलं. मी एकदा गाळलं म्हटलं, की लोक विचारतील, हिने शकूच्या लग्नात काय गाळलं?

मला घाबरायला होतं. खेळात मात्र चूक करत नाही. विमलाबाई म्हणतात, जा किंवा राहा, पण माझ्यामुळे राहू नको. असं कुणी मला आजवर बोललं नव्हतं.

आत्याला एकदा इकडे आणा. येत्या शुक्रवारी दुपारी फक्त बायकांसाठी खेळ आहे.

तुळसा

---

ठाणे
माघ वद्य ११

तुळसा, अगं पोरी!

तुझं पत्र वाचून मी दुकानात मोठ्याने हसलो. गिऱ्हाईक दचकलं. नवरा म्हणजे गोदा! अगं मग भीती कसली? बाईचं बाईशी लग्न कुठं लागतं? पाटील, गावकी, त्या चार बायका, सगळ्यांची तोंडं एका वाक्यात बंद. मी रविवारी सकाळी बाळकुमला जातो आणि पाटलांच्या ओसरीवरच सांगतो. हवं तर गोदाला मिशीसकट घेऊन येतो आणि सगळ्यांदेखत पुसून दाखवतो.

सखुबाईला शुक्रवारी मामी घेऊन येईल. ती कशी तयार झाली कोण जाणे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कापडा धुवून ठेव सांग मामीला, मी येतंय."

आता जेव नीट. वैशाखाला दोन महिने आहेत.

मामा

---

कल्याण
शुक्रवार, माघ अमावास्या

मामा,

थांबा. रविवारी जाऊ नका. गोदाचं नाव कुणालाही सांगू नका. हे पत्र मामीच्याच हाती देते, म्हणजे आजच पोचेल.

तुम्ही हसलात, पण पुढचं बघा. लग्न खोटं ठरलं, की मी मोकळी. मोकळी झाले, की वैशाखात पोपट. पोपट वाईट नाही. मला लहानपणी चिंचा द्यायचा. पण तो माझ्याकडे बघतो तेव्हा त्याला सून दिसते, घरातली, खाजणातली. "महाराज, माझं उत्तर मी देईन" हे वाक्य मला जन्मात पुन्हा म्हणता येणार नाही. मी रोज ते म्हणते मामा, आणि रोज वाटतं, हे पाठ केलेलं आहे, एकदा तरी आपलं म्हणून म्हणावं.

गावकी म्हणते लग्न झालं. तर म्हणू देत.

आत्या आली होती. पहिल्या ओळीत बसली, डोक्यावर पदर, हलली नाही. मी गायला लागले तेव्हा तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. एका जागी मी श्वास चुकीच्या ठिकाणी घेतला, तर तिने मान हलवली. खेळ संपल्यावर आत आली. गोदा अजून फेट्यातच होती, लाजून कोपऱ्यात उभी. आत्याने तिच्याकडे, तिच्या मनगटांकडे खूप वेळ पाहिलं, मग मला विचारलं, "जावई बरा हाय ना? तुला मारत तं नाय?"

मी म्हटलं, "नाय आत्या."

"मंग बरा," म्हणाली आणि बाहेर मामीपाशी जाऊन बसली.

मामा, मी माझ्या आत्याला फसवलं. मिशीला ती भुलली आणि मी गप्प राहिले. हे मला सगळ्यात जास्त डाचतं. पण मी पंचमीला येणार. मी बोलेन. तुम्ही फक्त शेजारी बसा.

तुळसा

---

ठाणे
फाल्गुन शुद्ध ७

चि. तुळसा,

तू परवा चारच्या गाडीने गेलीस. स्टेशनात इतके लोक होते की मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

मी आयुष्यात पुष्कळ सौदे पाहिलेत, पण तसा एकही नाही. तू देवळासमोर पदर घट्ट धरून उभी राहिलीस. पाटील म्हणाले, "खेलातला लगीन खोटा धरू, दंड घेऊ, पोरगी वैशाखात आमच्या घरात." सगळ्या माना डोलल्या. मला वाटलं, संपलं.

तेव्हा सखुबाई उठली. गावकीत बाई बोलत नाही, पण तिला कोण अडवणार? त्या बसलेल्यांपैकी निम्म्यांची लग्नं तिच्या तोंडाने लागलेली. म्हणाली, "मी माज्या कानानं आयकला. धवला पुरा झाला. पाटील, तुमी सांगता खोटा. मंग तुमच्या शकूचा पन खोटा. त्याच गल्यानं लावलाय. जा, जावयाला सांगा नि पोर परत आना."

पाटलांनी घाम पुसला. शकूची आई पदराआड रडायलाच लागली.

मग कुणीतरी विचारलं, "बरा, लगीन झाला. नवरा कोन? नाव काय?" मी तोंड उघडणार होतो. तू मान खाली घातलीस. आणि सखुबाईच कडाडली, "नवऱ्याचा नाव बायकोनं घ्यावा? लाजा हायत का?" म्हातारे गडबडले.

पाटलांनी शेवटचा डाव टाकला, "आना त्याला हितं. काडी मोडू, सोडचिठ्ठी करू." तेव्हा तू वर पाहिलंस. तू म्हणालीस, "काडी मोडायला त्यानं मना टाकली पायजे. मना कुनी टाकली नाय. तुमी सांगता लगीन झाला, मी तुमचा आयकतंय. लगीन झालेली पोर गावात कशाला ठेवता? मी नांदायला जातंय."

मी तुझ्या शेजारी बसलो होतो, आणि मला वाटलं, ही मुलगी मी पोचवायला गेलो होतो ती नव्हे.

निकाल तू ऐकलासच. माझ्याकडून गावजेवण. तुझा गावाशी संबंध सासरी गेलेल्या लेकीचा. आणि बाळकुमच्या मांडवात तू पुन्हा धवळा म्हणायचा नाही, कारण परगावची सून गावची धवलारीण होत नाही. हे ऐकताना सखुबाईचा चेहरा मी पाहिला. तिच्यानंतर आता कुणी नाही.

पोरी, मला राग आलाय की अभिमान वाटतोय, मला कळत नाही. हे मात्र कळतं, की परतीचं दार तू स्वतःच्या हाताने लावून घेतलंस. उद्या मंडळी मोडली, गळा बसला, तर बाळकुमात तुला आता कुणी सून करून घेणार नाही. मी आहे तोवर ठाण्याचं घर आहे. मी नसेन तेव्हाचा विचार केलास का? मामी विचारते, उत्तर दे.

सखुबाईने एक गाठोडं दिलंय. म्हणाली, "जावयाला लगनातला मान दिला नाय, तो पोचव." पागोटं असेल. मी सोडून पाहिलं नाही, वाटलं, गोदाला पागोटं पाहून हसू येईल आणि मला ते सोसणार नाही. उद्याच्या गाडीने आमच्या गड्याबरोबर पाठवतो.

सखुबाई बिचारी फसली, आणि त्यात मी पण सामील झालो. पुढच्या खेपेला मीच तिला खरं सांगेन.

तुझा मामा

---

कल्याण
फाल्गुन शुद्ध १०

मामा,

गाठोडं पोचलं. आत्याला काही सांगायला जाऊ नका.

मामीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मी विचार केला, पुष्कळ केला, आणि पुढचं काही दिसत नाही. पुढच्या आठवड्यात मंडळी नाशकाला जाते. तिथं धवळा कुणाला कळेल की नाही, ठाऊक नाही. हसतील सुद्धा. विमलाबाईंनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत राजकन्या दिली आहे. मी रोज सकाळी उठते ती भीती घेऊनच. तरी उठते.

गाठोडं मी एकटीने सोडायचं म्हणून बसले होते, मग गोदाला हाक मारली, तिच्या नावचं होतं म्हणून. आत पागोटं नव्हतं. हिरव्या चोळीचा खण होता, आणि बांगड्यांचे दोन जोड. एक जोड माझ्या मापाचा. दुसरा मोठा, गोदाच्या हाताचा.

तुळसा